रिकाम्या बाटलीचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर झालेल्या देणगीदार व रुग्णकुटुंबीयांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाविषयी चार शब्द बोलत असतो. ताळेबंद आपल्या हाती असलेल्या अहवालात छापलेला आहे आणि लेखापरीक्षकांनी तो तपासलेला आहे. त्यामुळे त्याची उजळणी करून मी आपला वेळ घेणार नाही. या वर्षी अध्यक्ष महोदयांच्या सूचनेवरून मी एका अशा वस्तूचा हिशेब मांडणार आहे, जी ताळेबंदात कोठेही दिसत नाही. ती वस्तू म्हणजे औषधाची रिकामी बाटली.

हा विषय निवडण्यास कारण घडले. आपल्यापैकी काही हितचिंतकांनी रुग्णालयाला सद्भावनेने विचारणा केली होती, की वॉर्डांतून रोज सलाइनच्या इतक्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रिकाम्या निघतात, त्या आपण का देत नाही? कोणाला त्या उन्हाळ्यात रोपे जगवण्यासाठी हव्या होत्या, कोणाला एखाद्या महिला बचतगटाला शोभेच्या वस्तू करण्यासाठी द्याव्याशा वाटत होत्या, तर कोणी ‘भंगारात विका आणि ते पैसे गरीब रुग्णांच्या निधीत घाला’ असे सुचवले. तिन्ही सूचनांमागची भावना निर्मळ आहे. तरीही रुग्णालयाने तिन्ही वेळा नम्रपणे नकार दिला. ज्यांच्या दानावर संस्था उभी आहे त्यांना ‘नाही’ म्हणायचे, तर त्याचे कारण त्यांना कळले पाहिजे. ते सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्र मला शिकवलेले नाही. पण साठा नोंदवहीची शिस्त मला ठाऊक आहे. औषध भांडारात आलेल्या प्रत्येक भरलेल्या बाटलीची आपण नोंद करतो. कंपनी कोणती, बॅच क्रमांक काय, मुदत कधी संपते, किंमत किती, ती कोणत्या वॉर्डात गेली आणि कोणाच्या नावावर पडली, हे सारे लिहिलेले असते. मात्र बाटली रिकामी झाली की पूर्वी तिचा प्रवास नोंदवहीतून पुसला जात असे. हिशेबाच्या दृष्टीने ती ‘खर्ची पडली’. प्रत्यक्षात संपलेले असते ते औषध. बाटली तशीच उरलेली असते. तिचे पुढे काय झाले, हे विचारणे हेही हिशेबाचेच काम आहे.

जुन्या मंडळींना धर्मादाय दवाखान्यातील बाटलीची आठवण असेल. औषध न्यायचे तर बाटली घरून न्यावी लागे. काचेची, बुचाची बाटली. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरत आणि बाटलीच्या अंगावर कागदाची उभी पट्टी चिकटवत. त्या पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. तीच बाटली घरी उकळून, उन्हात वाळवून पुढच्या दुखण्याला पुन्हा दवाखान्यात जाई. आमच्याकडील ज्येष्ठ परिचारिकांनी तर काचेच्या पिचकाऱ्या आणि रबरी नळ्या उकळून वापरण्याचा काळही पाहिला आहे. काटकसर हा आपल्या समाजाचा जुना संस्कार आहे आणि तो लाजिरवाणा मुळीच नाही. परंतु काच उकळता येत होती म्हणून तो संस्कार तेथे निभावला. प्लॅस्टिकची बाटली उकळत्या पाण्यात आकार सोडते, तिचे तोंड अरुंद असते, आत ब्रश पोचत नाही, आणि औषधाचा अंश व वास तिच्या अंगात मुरून राहतो. ती मुळातच एकदा वापरण्यासाठी घडवलेली असते. तिच्यामुळे संसर्गाचा धोका कमी झाला, ही तिची मोठी देणगी. आणि ती पुन्हा भरता येत नाही, ही त्या देणगीची किंमत आहे.

आता आकड्यांकडे वळतो. हे आकडे आपल्या रुग्णालयाचे नाहीत. हिशेब समजावा म्हणून मी गृहीत धरलेले उदाहरण आहे. समजा, शंभर खाटांचे एक रुग्णालय आहे. त्यातील ४० रुग्णांना सलाइन चालू आहे आणि प्रत्येकाला दिवसाला ४ बाटल्या लागतात. म्हणजे दिवसाला १६० आणि वर्षाला ५८,४०० बाटल्या झाल्या. रिकाम्या बाटलीचे वजन २० ग्रॅम धरले तर वर्षाला १,१६८ किलो प्लॅस्टिक भरते. भंगाराचा भाव किलोला २० रुपये धरला तर वर्षाचे २३,३६० रुपये मिळतील. एवढ्या रकमेत एखाद्या गरीब रुग्णाची शस्त्रक्रिया होऊ शकेल, हा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. पण हीच रक्कम एका बाटलीवर विभागून पाहा. एका बाटलीचे ४० पैसे येतात. त्या ४० पैशांसाठी आपण काय पणाला लावतो, हे आता सांगतो.

सलाइनची रिकामी बाटली पाहिली तर ती स्वच्छ दिसते. आत मीठपाणी किंवा ग्लुकोजच तर होते, असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा त्या बाटलीत सुईने प्रतिजैविक किंवा अन्य औषध मिसळलेले असते आणि तळाशी उरलेल्या चमचाभर पाण्यात त्याचा अंश असतो. बाटली संपत आली की रुग्णाचे रक्त कधी कधी नळीत उलटे चढते. एका बाटलीला रक्ताचा स्पर्श झाला आणि दुसरीला झाला नाही, हे ढिगात पडल्यावर कोणीही ओळखू शकत नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी रुग्णालयातील दूषित पुनर्वापरयोग्य प्लॅस्टिकसाठी लाल पिशवी ठरवून दिली आहे. सलाइनच्या बाटल्या, नळ्या, सुई काढलेल्या पिचकाऱ्या, लघवीच्या पिशव्या आणि हातमोजे तीत जातात. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात, सुया व पाती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, तर मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत जातात. कर्करोगावरील पेशीमारक औषधांच्या कुप्या मात्र काचेच्या असोत वा प्लॅस्टिकच्या, त्या पिवळ्या प्रकारातच मोडतात.

नियम आहे म्हणून तो पाळायचा, एवढेच कारण मी देणार नाही. त्यामागे माणसांचे प्राण आहेत. २००९ च्या फेब्रुवारी महिन्यात गुजरातमधील मोडासा या गावाच्या परिसरात ‘ब’ प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली आणि अनेक लोक दगावले. वापरलेल्या पिचकाऱ्या आणि सुया पुन्हा वापरल्या गेल्याचे तपासात पुढे आले, आणि भंगाराच्या बाजारात वापरलेल्या पिचकाऱ्यांचे साठे सापडले. पिचकारी आणि बाटली वेगळ्या असल्या तरी रुग्णालयाच्या मागच्या दारातून निघणारी त्यांची वाट एकच असते. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगावरील बनावट औषधे विकणारी टोळी पकडली. महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या रुग्णालयांत काम करणाऱ्या काही जणांकडून पैसे देऊन मिळवल्या जात आणि त्यांत बुरशीवरचे स्वस्त औषध भरून त्या पुन्हा विकल्या जात, असे पोलिसांनी सांगितले. कुपी खरी होती, लेबल खरे होते, आतले औषध तेवढे खोटे होते. दागिने मोडून औषध आणणाऱ्या घराची यात काय अवस्था होत असेल, ते या सभागृहात बसलेल्या कुटुंबांना मी सांगण्याची गरज नाही.

रुग्ण बाटलीवरचे लेबल पाहून विश्वास ठेवतो. तो विश्वास अबाधित ठेवायचा असेल तर औषध संपल्यावर ती बाटली पुन्हा बाटली म्हणून बाजारात जाता कामा नये. आधी ती मोडली पाहिजे. तिचे प्लॅस्टिक जगले तरी चालेल, किंबहुना जगावेच. तिचा आकार आणि तिचे नाव मात्र आमच्या दारातच संपले पाहिजे. आमच्या साऱ्या व्यवस्थेचा हा गाभा आहे.

रोपांसाठी बाटल्या मागणाऱ्या मित्रांना मी विशेषत्वाने उत्तर देऊ इच्छितो. त्यांची कल्पना काल्पनिक नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात एका शेतकऱ्याने कृषिशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने सलाइनच्या टाकाऊ बाटल्या भंगारातून वजनावर विकत घेतल्या, त्या खुंट्यांना टांगल्या आणि थेंबथेंब पाण्यावर भाजीपाला पिकवून दाखवला. बाटलीच्या तळाला पाणी ओतण्यापुरता छेद आणि खाली थेंब कमीजास्त करण्याची चकती, असे ते साधे ठिबक सिंचन होते. आपल्या महाराष्ट्रातील टंचाईग्रस्त गावांतही झाडे जगवण्यासाठी अशा बाटल्या टांगलेल्या आपण पाहिल्या असतील. त्या शेतकऱ्याच्या बुद्धीला मी वंदनच करतो. परंतु रुग्णालयाची जबाबदारी शेतकऱ्याहून वेगळी आहे. शेताच्या बांधावर टांगलेली बाटली हाताळणारी मुले असतात. तिची नळी कापताना रक्ताचा अंश कोणाच्या हाताला लागेल, उरलेले प्रतिजैविक कोणत्या मातीत झिरपेल, याची खातरी आम्ही देऊ शकत नाही. आणि जी खातरी देता येत नाही ती वस्तू दान म्हणून देणे उचित नव्हे.

मात्र नकार देऊन थांबणे हेही संस्थेच्या परंपरेला शोभले नसते. थेंबथेंब पाणी द्यायला सलाइनचीच बाटली लागते असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी टांगली, तळ कापून वरून पाणी भरले, की तेच काम होते. बाह्यरुग्ण विभाग, उपाहारगृह आणि नातेवाइकांच्या विश्रांतिकक्षात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या रोज जमा होतात. त्यांचा रुग्णाच्या शरीराशी वा औषधाशी संबंध येत नाही. त्या वॉर्डाच्या कचऱ्यापासून पहिल्यापासूनच वेगळ्या ठेवल्या, तर वृक्षप्रेमी मंडळींना त्या निःशंकपणे देता येतील. त्यासाठी विश्रांतिकक्षात स्वतंत्र पिंप ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. त्या पिंपात फक्त पाण्याचीच बाटली टाकावी, एवढी आपल्या सर्वांना विनंती.

आता लाल पिशवीतील बाटलीचे पुढे काय होते ते सांगतो, म्हणजे ‘वाया गेली’ ही खंत कोणाला राहणार नाही. सलाइन संपले की परिचारिका नळी कापते आणि बाटलीला छेद देते, म्हणजे ती पुन्हा भरता येऊ नये. पिशवी भरली की तिचे तोंड बांधले जाते, तिच्यावर बारकोड लावला जातो, वजन होते आणि ती कुलूपबंद खोलीत जाते. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त काळ साठवून ठेवता येत नाही. मग सामुदायिक प्रक्रिया केंद्राची गाडी तो घेऊन जाते. तेथे ऑटोक्लेव्हमध्ये, उदाहरणार्थ १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचास १५ पौंड दाब या प्रमाणात, किमान ६० मिनिटे त्यावर वाफेची प्रक्रिया होते. घरातील प्रेशर कुकरचेच हे थोरले भावंड समजा. त्यानंतर यंत्रात त्याचे तुकडे केले जातात. सलाइनच्या बाटल्या बहुधा कमी घनतेच्या पॉलिथिलीनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि ही दोन्ही प्लॅस्टिके वितळवून पुन्हा घडवता येतात. निर्जंतुक केलेले तुकडे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाला देता येतात; रस्तेबांधणीत किंवा इंधननिर्मितीत वापरण्यासही नियमांची मुभा आहे. कचराभूमीवर मात्र ते टाकता येत नाहीत. म्हणजे बाटलीचा पुनर्जन्म होतो, फक्त तो औषधाच्या बाटलीचा जन्म नसतो.

या व्यवहारात रुग्णालयाला उत्पन्न मिळत नाही. उलट केंद्राला आपण शुल्क देतो. मघाच्या उदाहरणातील भंगाराची रक्कम सोडायची आणि वर शुल्क भरायचे, हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुहेरी तोटा आहे. विश्वस्त मंडळाने तो जाणीवपूर्वक पत्करला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आपली देणगी औषधांवर, यंत्रांवर आणि खाटांवर खर्च होते हे आपल्याला दिसते. तिचा एक छोटा भाग या न दिसणाऱ्या कामावरही खर्च होतो. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. आपला आर्थिक अहवाल आणि हा अहवाल यांना मी एकाच पुस्तकाची दोन पाने मानतो. भांडारातून गेलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि लाल पिशव्यांचे वजन यांचा मेळ दर महिन्याला घालावा, अशी पद्धत आपण आता सुरू केली आहे. मेळ बसला नाही तर कोणत्या वॉर्डात बसला नाही, हे पाहता येते. आवक आणि जावक जुळणे हा हिशेबाचा पहिला धडा आहे. तो येथेही लागू पडतो.

हे काम कोणाच्या हातून होते, याचाही उल्लेख केला पाहिजे. बाटली कोणत्या पिशवीत पडते याचा निर्णय खाटेपाशी, घाईत, रात्रपाळीच्या तिसऱ्या प्रहरी, परिचारिका आणि सफाई कामगार मावशी घेत असतात. तेथे सुई चुकून लाल पिशवीत गेली तर पुढे पिशवी उचलणाऱ्याच्या हातात ती शिरते. एकदा सारे मिसळले की ते पुन्हा वेगळे करणे हे धोक्याचे काम होऊन बसते. रुग्णालयाबाहेरही कचऱ्यातून प्लॅस्टिक वेचून उदरनिर्वाह करणारी माणसे आहेत, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले आणि २००८ पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेच्या सहकार्याने हाती घेतले. प्लॅस्टिकला किंमत मिळते ती या हातांमुळे. त्या हातांना आपल्या घरातील सुई टोचू नये, ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून शेवटी घराकडे येतो. रुग्ण घरी जातो तेव्हा औषधांच्या बाटल्याही घरी जातात, आणि तेथे लाल पिशवी नसते. काही साध्या गोष्टी आपण पाळाव्यात.

पातळ औषधाची प्लॅस्टिकची बाटली पूर्ण रिकामी झाली की ती पाण्याने विसळावी, लेबल फाडून टाकावे आणि ती सुक्या कचऱ्यात द्यावी. लेबल फाडल्याने रुग्णाचे औषध परक्याला कळत नाही आणि बाटली जुन्या नावाने पुन्हा वापरलीही जात नाही. अर्धवट भरलेली किंवा मुदत संपलेली बाटली मोरीत ओतू नये. ती घरातील घातक कचरा म्हणून वेगळी बांधून, घंटागाडीवाल्याला तसे सांगून द्यावी.

औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल, फिनेल, ॲसिड किंवा शेतावरचे कीटकनाशक कधीही भरू नये. लहान मुलाला बाटलीचा आकार आणि रंग ओळखीचा असतो. त्या बाटलीतून आई चमचाभर गोड औषध देत असते. त्याच बाटलीतील दुसरे काही ते विश्वासाने तोंडाला लावते. मुलांच्या पोटात रॉकेल जाण्याचे अपघात आपल्या देशात नवे नाहीत. कीटकनाशक त्याच्या मूळ डब्यात, कुलपात ठेवावे. डबा संपल्यावर त्यात पिण्याचे पाणी भरू नये.

लघवीच्या तपासणीसाठी घरची औषधाची बाटली धुऊन आणू नये. पातळ औषधातील साखर, औषधाचा अंश किंवा धुण्याच्या साबणाचा अंश राहिला तर तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो आणि चुकीच्या निष्कर्षावर उपचार ठरू शकतो. प्रयोगशाळेच्या खिडकीवर मिळणारीच बाटली वापरावी.

आणि औषधाची बाटली पुन्हा वापरण्याचा एक चांगला मार्गही सांगतो. मधुमेहाचे पुष्कळ रुग्ण घरी इन्सुलिन घेतात. वापरलेली सुई आणि बोटाला टोचायची लहान सुई थेट केरात जाते. गोळ्यांची किंवा पावडरची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली यासाठी ठेवावी. तिच्यावर ‘वापरलेल्या सुया’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी आणि पुढच्या तपासणीला येताना आमच्या औषध खिडकीवर आणून द्यावी. पुढची व्यवस्था रुग्णालय करील. एका रिकाम्या बाटलीने एका कचरावेचक भगिनीचा हात वाचला, तर त्याहून मोठा पुनर्वापर मला ठाऊक नाही.

मित्रहो, आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आम्ही देत आलो आहोत. यापुढे रिकाम्या बाटलीचाही हिशेब आपण जरूर मागावा. वॉर्डात आलात तर लाल पिशवीत काय आहे ते दुरून का होईना, पाहावे. चुकीचे काही दिसले तर परिचारिकेला किंवा माझ्या कार्यालयात सांगावे. जेथे पाहणारे डोळे असतात, तेथे नोंदवही आपोआप नीट राहते.